वेदना-व्यवस्थापनाचं निरंतर वैद्यकीय शिक्षण : डॉक्टर आणि इतर आरोग्य व्यावसायिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्ण दवाखान्याची पायरी चढतो तो बहुतेक वेळा काहीतरी दुखतंय म्हणून. तरीही वेदना हा स्वतंत्र विषय म्हणून आपल्यापैकी फार थोड्यांनी शिकलेला असतो. पेन मॅनेजमेंटच्या निरंतर वैद्यकीय शिक्षणाला, म्हणजे सीएमईला, येणारे डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं दोन ओळींची आहेत, काही लांबली आहेत. जिथे चुकीची किंमत रुग्णाला मोजावी लागते, तिथे मी मुद्दाम थांबलो आहे.

पदवीला आणि पदव्युत्तर शिक्षणात वेदना शिकूनच आलो. मग पुन्हा वेगळं शिक्षण कशाला?

आपण शिकलो ते तुकड्यांनी. फिजिऑलॉजीत मज्जारज्जूतले मार्ग पाठ केले, फार्माकॉलॉजीत ओपिऑइडचे, म्हणजे मॉर्फीनच्या जातीच्या वेदनाशामकांचे, रिसेप्टर, आणि वॉर्डात सीनियरनी केसपेपरवर लिहिलेलं 'एसओएस', म्हणजे गरज पडली तरच द्यायचं, इंजेक्शन पाहिलं. हे तिन्ही धागे समोरच्या एका रुग्णावर जुळवायचे कसे, हे शिकवायला कुणाकडे वेळ नव्हता. कॅनडातल्या विद्यापीठांची एक पाहणी 2009 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना वेदनेबद्दल मिळणारे तास वैद्यकीय विद्यार्थ्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाले.

दुसरं कारण असं, की विषयच पुढे गेला आहे. मज्जारज्जूतलं एक 'फाटक' वेदनेचे संदेश पुढे सोडतं किंवा अडवतं, हा मेलझॅक आणि वॉल यांचा 1965 चा गेट कंट्रोल सिद्धान्त बहुतेकांना आठवतो. त्यानंतरचं बरंच काही निसटलेलं असतं. ऊतींची इजा आणि नसांची इजा यांच्या जोडीला 'नोसिप्लास्टिक', म्हणजे अशी कुठलीच इजा स्पष्ट न दिसता वेदना-यंत्रणाच बदलल्याने होणारी वेदना, हा वेदनेचा तिसरा प्रकार आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने, म्हणजे आयएएसपीने, 2017 मध्ये स्वीकारला. याच संघटनेने 1979 ची वेदनेची व्याख्या 2020 मध्ये बदलली. आयसीडी-11 हे आजारांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण जानेवारी 2022 पासून लागू झालं आणि दीर्घकालीन वेदनेला पहिल्यांदा तिचे स्वतःचे कोड मिळाले; 'क्रॉनिक प्रायमरी पेन' हे निदान आता अधिकृतपणे लिहिता येतं. तुम्ही याआधी पदवी घेतली असेल तर यातलं काहीच तुमच्या परीक्षेत नव्हतं.

हे शिक्षण भूलतज्ज्ञांसाठी आहे ना? मी जनरल प्रॅक्टिस करतो.

मग तुम्हालाच सगळ्यात जास्त गरज आहे. जगात दर पाच प्रौढांपैकी साधारण एक जण तीन महिन्यांहून जास्त काळ टिकणाऱ्या वेदनेसह जगतो. एवढ्या सगळ्यांना पेन स्पेशालिस्ट पुरणार नाहीत आणि पुरायची गरजही नाही. बहुतेकांची वेदना पहिल्या डॉक्टरकडेच नीट ओळखली गेली, नीट समजावली गेली, तर पुढची वणवण टळते. दंतवैद्य, सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, ऑन्कॉलॉजिस्ट, नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ हे सगळे रोज वेदनेवर उपचार करतच असतात.

जॉन बोनिका या भूलतज्ज्ञाला हे फार आधी उमगलं होतं. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर उपचार करताना, एका विशेषज्ञाला हाताळता न येणाऱ्या वेदना त्याने पाहिल्या. म्हणून त्याने वेगवेगळ्या शाखांचे डॉक्टर एकाच रुग्णाभोवती बसवायला सुरुवात केली. आयएएसपीची 1973 मधली स्थापनाही त्याच्याच पुढाकाराने झाली. म्हणून ज्या सीएमईत फक्त एकाच शाखेचे लोक बोलतात आणि एकाच शाखेचे लोक ऐकतात, तिच्याबद्दल मी जरा साशंक असतो.

चांगल्या अभ्यासक्रमात काय असायला हवं?

वेदना निर्माण कशी होते, मोजायची कशी, औषधं, औषधांव्यतिरिक्त उपचार आणि रुग्णाशी बोलणं. या पाचांपैकी औषधांचा भाग प्रत्येक ठिकाणी असतो आणि बोलण्याचा भाग बहुधा गाळलेला असतो. कार्यक्रमपत्रिका हातात आली की आधी ते बघा. आयएएसपीने वेगवेगळ्या शाखांसाठी आदर्श अभ्यासक्रम तयार केले आहेत. तुम्ही निवडलेला कोर्स त्यांच्याशी ताडून पाहायला फार वेळ लागत नाही.

कमी वेळात पाया पक्का करायचा असेल तर 'इसेन्शियल पेन मॅनेजमेंट' या नावाचा एक छोटा कोर्स आहे. तो 2010 मध्ये पापुआ न्यू गिनीत सुरू झाला आणि नंतर अनेक देशांत पोचला. त्याची मांडणी तीन पावलांची: वेदना ओळखा, तिचं मूल्यमापन करा, उपचार करा. ऐकायला फार साधं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक जण पहिल्या दोन पावलांवर पाय न ठेवता तिसरं टाकतात.

वेदना मोजायची म्हणजे शून्य ते दहा आकडा विचारायचा, एवढंच ना?

आकडा विचाराच, पण तिथे थांबू नका. अमेरिकेत 1990 च्या दशकात वेदनेला नाडी, श्वास, तापमान, रक्तदाब यांच्या जोडीचं 'पाचवं व्हायटल साइन' म्हणण्याची चळवळ सुरू झाली. हेतू चांगला होता. पण आकडा खाली आणणं हेच उद्दिष्ट होऊन बसलं आणि ओपिऑइडचा बेसुमार वापर वाढण्यामागच्या अनेक कारणांत याचीही गणना होऊ लागली. शेवटी 2016 मध्ये तिथल्या वैद्यकीय संघटनेने ही कल्पना सोडून द्यावी असा ठराव केला.

दीर्घकालीन वेदनेत आकड्यापेक्षा कामकाज जास्त सांगून जातं. त्यासाठी 'पेग' ही तीन प्रश्नांची मापपट्टी ओपीडीच्या गर्दीतही वापरता येते: गेल्या आठवड्यात सरासरी किती दुखलं, दुखण्याने जगण्यातला आनंद किती हिरावला, आणि रोजच्या कामांत किती अडथळा आला. तिन्हींना शून्य ते दहा गुण द्यायचे आणि सरासरी काढायची. पुढच्या भेटीत ती सरासरी सुमारे 30 टक्क्यांनी उतरली, तर रुग्णाला खरोखर फरक पडला असं मानतात.

प्रश्न कसा विचारता यावरही पुष्कळ ठरतं. 'दुखतंय का?' याला 'हो' एवढंच उत्तर मिळतं. 'काल रात्री कुस बदलताना जाग आली का?', 'दुखण्यामुळे गेल्या महिन्यात काय करायचं सोडून दिलंत?' असं विचारलं की रुग्ण बोलू लागतो. पुढच्या उपचारांचं उद्दिष्टही त्यातूनच ठरतं. 'वेदना चारवर आणू' हे उद्दिष्ट रुग्णाला दिसत नाही. 'नातवाला उचलून घेता यायला हवं' हे त्याला दिसतं.

नसांच्या वेदना ओळखता याव्यात यासाठी मशीन लागतं का?

ओपीडीत कापसाचा बोळा, बोथट टोकाची पिन आणि कान उघडे ठेवण्याची तयारी पुरते.

समजा, मधुमेहाचा एक रुग्ण सांगतो : 'रात्री तळपाय पेटतात. चादर नुसती लागली तरी सहन होत नाही. सकाळी मुंग्या, आणि मधेच करंट मारल्यासारखं होतं.' या तीन वाक्यांत जळजळ, मुंग्या आणि विजेचा झटका आला. 'डीएन-4' या प्रश्नावलीत मुलाखतीचे सात आणि तपासणीचे तीन असे दहा मुद्दे असतात, आणि चार किंवा जास्त गुण मिळाले तर वेदना नसांची असण्याची शक्यता बळावते. आता पाय तपासा. कापूस फिरवल्यावर स्पर्श बोथट लागतो का, पिन टोचल्यावर टोचणं कमी जाणवतं का, आणि मऊ ब्रश फिरवल्यावर दुखतं का? हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे. या रुग्णाला महिनोन्महिने डायक्लोफिनॅक दिलं गेलेलं असतं. त्याने जळजळ थांबत नाही आणि मूत्रपिंडाचं मात्र नुकसान होतं.

निदान झालं की औषधांची निवड वेगळी होते. 2015 च्या एका मोठ्या आढाव्यात नसांच्या वेदनेसाठी ट्रायसायक्लिक अँटिडिप्रेसंटचा (अ‍ॅमिट्रिप्टिलिन हे त्यांतलंच) 'एनएनटी', म्हणजे एकाला फायदा होण्यासाठी किती जणांना औषध द्यावं लागतं तो आकडा, 3.6 आणि प्रेगाबॅलिनचा 7.7 निघाला. म्हणजे एका रुग्णाची वेदना निम्म्याने कमी व्हावी, यासाठी प्रेगाबॅलिन साधारण आठ जणांना द्यावं लागतं. हा आकडा रुग्णाला सांगा, असं मी आग्रहाने सांगतो. 'हे औषध लागू पडलं नाही तर आपण दुसरं बघू, तुमचं काही चुकलं असं नाही' एवढं आधीच बोललं की दोन आठवड्यांत निराश होऊन रुग्ण दुसरा डॉक्टर शोधत नाही. अर्थात अ‍ॅमिट्रिप्टिलिन देण्याआधी काचबिंदू, प्रोस्टेट आणि हृदयाची लय विचारायला हवी, आणि गॅबापेंटिनचा डोस मूत्रपिंडाच्या कार्यानुसार ठरवायला हवा.

कंबरदुखीत एमआरआय केला, डिस्क झिजलेली दिसली. निदान झालं ना?

बऱ्याचदा नाही. काहीही न दुखणाऱ्या लोकांच्या एमआरआयवरच्या अभ्यासांचा एक आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार डिस्कची झीज विशीतल्या 37 टक्के लोकांत आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांत दिसते. लघवी अडणं, गुदद्वाराभोवती बधिरपणा, पायातली ताकद झपाट्याने जाणं, ताप, कर्करोगाचा इतिहास, कारण नसताना वजन उतरणं अशी धोक्याची लक्षणं असतील तर तातडीने तपासण्या करायलाच हव्यात. पण ती नसताना 'तुमचे मणके झिजलेत, वाकू नका' हे वाक्य रुग्ण पुढची अनेक वर्षं मनात घेऊन फिरतो. तो हालचाल सोडतो, स्नायू दुबळे होतात, आणि दुखणं वाढतं. रिपोर्ट कसा वाचून दाखवायचा याचा सराव करून घेणारी सीएमई मिळाली तर ती चुकवू नका.

ओपिऑइडबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. नेमकं काय शिकायचं?

दोन्ही टोकं खऱ्या अनुभवातून आली आहेत. एकीकडे अतिवापराने माणसं दगावली. दुसरीकडे 'लॅन्सेट'च्या आयोगाने 2017 मध्ये दाखवून दिलं, की जगभर वर्षाला वाटल्या जाणाऱ्या 298.5 टन मॉर्फीन-समतुल्य ओपिऑइडपैकी गरीब देशांच्या वाट्याला जेमतेम 0.1 टन येतं. कर्करोगाचा रुग्ण विव्हळत मरतो आणि कपाटात मॉर्फीन नसतं, किंवा असूनही लिहायला हात धजत नाही. म्हणून या विषयावरचं शिक्षण भीती घालवणारं हवं आणि सावधही करणारं हवं. त्यातलं एकच शिकून आलेला डॉक्टर धोकादायक ठरतो.

कर्करोगाच्या वेदनेसाठी साध्या वेदनाशामकांपासून मॉर्फीनपर्यंत नेणारी जागतिक आरोग्य संघटनेची तीन पायऱ्यांची शिडी 1986 साली आली. 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत ती मुख्य शिफारशींतून परिशिष्टात गेली, कारण प्रत्येक रुग्णाने पायरी-पायरीनेच चढावं असं काही नाही. तीव्र वेदनेत पहिल्याच दिवशी मॉर्फीन लागू शकतं. मात्र शक्यतो तोंडाने आणि घड्याळाच्या काट्यानुसार औषध द्यायचं, हे तत्त्व टिकून आहे. मॉर्फीनसोबत रेचक पहिल्या दिवसापासून लिहायचं, कारण मळमळ आणि गुंगी काही दिवसांत ओसरते पण बद्धकोष्ठता ओसरत नाही. याचा विसर पडला की औषध चालू असूनही रुग्ण ते घ्यायचं थांबवतो.

सहनशीलता (त्याच परिणामासाठी जास्त डोस लागणं), शारीरिक अवलंबित्व (औषध अचानक थांबवल्यावर त्रास होणं) आणि व्यसन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वॉर्डात त्यांची सर्रास सरमिसळ होते. औषध अचानक थांबवल्यावर घाम सुटला, पोटात मुरडा आला, म्हणजे रुग्ण व्यसनी ठरत नाही. अमेरिकेतल्या ओपिऑइडविषयीच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांचा कडक अर्थ लावून अनेक ठिकाणी दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांचा डोस झटक्यात तोडला गेला. 2019 मध्ये तिथल्या औषध नियामकाला त्याविरुद्ध इशारा द्यावा लागला आणि 2022 मध्ये सूचना सुधारल्या गेल्या. वर्षभर किंवा जास्त काळ ओपिऑइड घेणाऱ्याचा डोस महिन्याला 10 टक्के किंवा त्याहूनही हळू उतरवावा, असं आता सुचवलं जातं.

डोस बदलताना गोंधळ होतो. तो हिशेब सीएमईत शिकवतात का?

शिकवलाच पाहिजे, आणि कागदावर पेन्सिलीने करून घेतला पाहिजे. स्लाइडवरचा तक्ता पाहून हा हिशेब कुणाला येत नाही.

एक उदाहरण. रुग्ण दर चार तासांनी तोंडाने 10 मिलिग्रॅम मॉर्फीन घेतो, म्हणजे दिवसाला 60 मिलिग्रॅम. मध्येच उसळणाऱ्या वेदनेसाठीचा जादा डोस दिवसाच्या एकूण मात्रेच्या सहाव्या भागाएवढा, म्हणजे 10 मिलिग्रॅम. आता त्याला गिळता येत नाही. तोंडाने दिलेलं 30 मिलिग्रॅम मॉर्फीन शिरेतून दिलेल्या सुमारे 10 मिलिग्रॅमइतकं असतं. तेव्हा शिरेतून 24 तासांना 20 मिलिग्रॅम. औषध तेच आहे, म्हणून इथे वेगळी कपात नाही. पण मॉर्फीनवरून दुसऱ्या ओपिऑइडवर जायचं असेल तर तक्त्यातून आलेल्या आकड्यातून साधारण 25 ते 50 टक्के वजा करायचे, कारण एका औषधाची सवय दुसऱ्याला पुरती लागू होत नाही. मेथाडोन मात्र या तक्त्यांत बसत नाही. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, लांब आणि माणसागणिक वेगळा असतो. अनुभवी सहकाऱ्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

याच रुग्णाचं क्रिएटिनिन चढू लागलं, म्हणजे मूत्रपिंड मंदावलं, तर? मॉर्फीनपासून शरीरात तयार होणारे सक्रिय घटक मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. ते साचत जातात, आणि डोस न वाढवताही दोन-तीन दिवसांत रुग्ण पेंगुळतो, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात, श्वास मंदावतो. रात्रपाळीच्या नर्सला हे चित्र सगळ्यात आधी दिसतं. म्हणून नर्सना या सत्रातून वगळू नका.

फेंटॅनिलचा पॅच हे आणखी एक अपघातांचं ठिकाण आहे. तासाला 25 मायक्रोग्रॅमचा पॅच साधारण रोजच्या 60 मिलिग्रॅम तोंडी मॉर्फीनच्या तोडीचा असतो. म्हणजे ज्याने कधीच ओपिऑइड घेतलेलं नाही, त्याला शस्त्रक्रियेनंतर तो चिकटवणं जिवावर बेतू शकतं. परिणाम सुरू व्हायला 12 ते 24 तास लागतात, पॅच काढल्यावरही औषध त्वचेतून येतच राहतं, आणि ताप किंवा गरम शेक यांनी ते जास्त वेगाने शोषलं जातं.

ओपिऑइड मी लिहितच नाही. मग औषधांच्या सत्रातून मला काय मिळेल?

बरंच काही. साध्या वेदनाशामकांनी होणारे अपघात गाजत नाहीत एवढंच. रक्तदाबासाठी एसीई इनहिबिटर आणि डाययुरेटिक घेणाऱ्या वृद्धाला आयबुप्रोफेन लिहिलं की मूत्रपिंडावर तिहेरी मार बसतो. सर्दीच्या गोळीत, कंबरदुखीच्या गोळीत आणि तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल असतं. निरोगी प्रौढासाठीची दिवसाला 4 ग्रॅमची मर्यादा रुग्ण नकळत ओलांडतो. ट्रॅमाडॉल हे 'सौम्य' म्हणून सढळ हाताने लिहिलं जातं, पण नैराश्यावरच्या अनेक औषधांसोबत त्याने सेरोटोनिन सिंड्रोम (सेरोटोनिन अति वाढल्याने होणारी गंभीर अवस्था) होऊ शकतो आणि फिट येण्याचा धोका वाढतो. प्रेगाबॅलिन आणि गॅबापेंटिन ओपिऑइडसोबत किंवा श्वसनाचा आजार असताना दिल्यास श्वास मंदावू शकतो, असा इशारा 2019 मध्ये दिला गेला.

डोकेदुखीचं उदाहरण तर प्रत्येक ओपीडीत सापडेल. महिन्यात 15 किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामकं, किंवा 10 किंवा जास्त दिवस ट्रिप्टान (अर्धशिशीची औषधं), ओपिऑइड वा मिश्र गोळ्या तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या, तर औषधच डोकेदुखीचं कारण बनतं. अशा रुग्णाला आणखी एक गोळी लिहून देण्याऐवजी 'महिन्यात किती दिवस गोळी घेता?' एवढं विचारलं तरी निदान हाती येतं.

लहान मुलं किंवा बोलू न शकणारे रुग्ण यांचं काय?

इथे इतिहास अस्वस्थ करणारा आहे. नवजात बाळांना वेदना पुरती जाणवत नाही, असा समज 1980 च्या दशकापर्यंत इतका रुजलेला होता, की कित्येक बाळांच्या शस्त्रक्रिया पुरेशा भुलीशिवाय होत. 1987 मध्ये कनवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटॅनिल दिलेल्या मुदतपूर्व बाळांत तणावाची प्रतिक्रिया कमी राहते आणि नंतरच्या गुंतागुंतीही कमी होतात. आयएएसपीच्या 2020 च्या व्याख्येसोबतच्या टिपांतही स्पष्ट म्हटलं आहे, की बोलता न येणं म्हणजे वेदना नसणं नव्हे.

लहान मुलांसाठी 'फ्लॅक' मापपट्टी चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं यांवरून गुण देते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी 'पेनॅड' आहे. आजोबा अंघोळ घालताना हात झटकतात, ओरडतात, आणि 'आक्रमक' म्हणून त्यांना शामक दिलं जातं. खांदा दुखतोय हे कुणी तपासलेलं नसतं. कोडीनबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: काही मुलांचं शरीर त्याचं मॉर्फीनमध्ये फार वेगाने रूपांतर करतं. त्यातून मृत्यू झाल्यामुळे 2017 मध्ये अमेरिकेच्या नियामकाने 12 वर्षांखालच्या मुलांसाठी ते निषिद्ध ठरवलं.

रुग्णाच्या वेदनेवर विश्वास किती ठेवायचा?

सुरुवात विश्वासानेच करायची. रुग्ण दुखतंय म्हणतो त्याचा मान राखावा, हे त्याच 2020 च्या टिपांत आहे. विश्वास ठेवणं म्हणजे मागेल ते औषध लिहून देणं नव्हे, हे इथेच सांगून टाकतो.

आपण कुणावर लवकर विश्वास ठेवतो आणि कुणावर नाही, हेही तपासायला हवं. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, सहभागी झालेल्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टरांपैकी सुमारे निम्म्यांनी कृष्णवर्णीयांच्या शरीराबद्दलचे चुकीचे समज खरे मानले. त्यांची त्वचा जाड असते, हा त्यांतलाच एक. असे समज बाळगणाऱ्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाच्या वेदनेला कमी गुण दिले आणि त्यांचे उपचारही कमी अचूक ठरले. बाया, गरीब, मनोरुग्ण, व्यसनातून बाहेर पडलेले यांच्याबाबत आपल्या मनात काय आहे, हे गटचर्चेत उघडपणे बोलायला अवघड जातं. मला तरी हे सत्र सगळ्यात मोलाचं वाटतं.

नर्व्ह ब्लॉक आणि इंजेक्शनं शिकायला दोन दिवसांची कार्यशाळा पुरेल का?

ओळख व्हायला पुरेल, रुग्णावर करायला नाही. मृतदेहावर किंवा मॉडेलवर सुई नेता आली तरी खरं कौशल्य रुग्ण निवडण्यात आणि गुंतागुंत सांभाळण्यात आहे. मानेच्या मणक्यातून दाणेदार स्टिरॉइड दिल्याने मज्जारज्जूचा रक्तपुरवठा बंद पडल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी औषधं किती आधी थांबवायची, याचे नियम औषधागणिक वेगळे आहेत. कोणतीही कार्यशाळा निवडताना एकच प्रश्न विचारा: लोकल अ‍ॅनेस्थेटिकची विषबाधा झाली तर काय करायचं, याचा सराव करून घेणार का? या विषबाधेवरच्या उताऱ्याची, 20 टक्के लिपिड इमल्शनची, बाटली कुठे आहे आणि पहिला बोलस (एकदम द्यायचा डोस) वजनाच्या किलोमागे 1.5 मिलिलिटर, हे घाईच्या क्षणी आठवायचं तर हाताने सराव झालेला हवा. त्यानंतर अनुभवी डॉक्टरच्या देखरेखीखाली काही काळ काम करणं टाळता येत नाही.

ऑनलाइन कोर्स करावा की प्रत्यक्ष जावं?

माहितीसाठी ऑनलाइन, सरावासाठी प्रत्यक्ष. मार्गदर्शक सूचना, औषधांचे परस्परपरिणाम, वर्गीकरण हे घरी बसून, पुन्हा पुन्हा थांबवून पाहणं सोयीचं पडतं. तपासणी, सुई धरणं आणि संतापलेल्या रुग्णाशी बोलणं यांसाठी समोर माणूस लागतो.

सीएमई करूनही माझ्या प्रॅक्टिसमध्ये फरक पडत नाही. असं का होतं?

कारण नुसत्या व्याख्यानाने सवय बदलत नाही. निरंतर शिक्षणावरच्या संशोधनात हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे: एकतर्फी भाषणांचा परिणाम कमी, चर्चा, केस आणि सराव यांची सांगड घातली तर जास्त. स्वतःच्या नोंदी तपासून त्यावर अभिप्राय मिळाला तरी सुधारणा होते, पण ती माफक असते. 2012 च्या एका मोठ्या आढाव्यात मध्यक वाढ सुमारे 4.3 टक्के गुणांची होती. तेव्हा एका सत्रातून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

माझा सल्ला असा. परत आल्यावर एकच गोष्ट बदला. उदाहरणार्थ, पुढचे काही आठवडे प्रत्येक दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णाची पेग सरासरी केसपेपरवर लिहायची. मग तेवढेच केसपेपर काढून बसा. किती जणांच्या नोंदी आहेत, किती जणांना फरक पडला, फरक नसूनही किती जणांचं तेच औषध चालू ठेवलं? हे पाहताना जे प्रश्न पडतात, ते घेऊन पुढच्या सीएमईला जा. एखादा सहकारी सोबत असेल तर उत्तम. दोघं असले की काम टळत नाही.

औषध कंपनीने प्रायोजित केलेल्या सीएमईला जावं का?

जायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण डोळे उघडे ठेवून जा. या विषयात या प्रश्नाला फार जड इतिहास आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू फार्मा या कंपनीने 1996 ते जुलै 2002 या काळात वेदनेवरच्या 20,000 हून जास्त शैक्षणिक कार्यक्रमांना पैसा पुरवला. पुढे 2007 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला.

त्या काळात भाषणांतून वारंवार सांगितलं जाणारं एक विधान होतं, की वेदनेसाठी ओपिऑइड दिल्यास व्यसन क्वचितच लागतं. त्याच्या पुराव्यादाखल 1980 च्या एका छोट्या पत्राचा दाखला दिला जाई. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापलेलं ते पत्र जेमतेम एका परिच्छेदाचं होतं. रुग्णालयात दाखल असताना ओपिऑइड मिळालेल्या 11,882 रुग्णांपैकी चौघांना व्यसन लागल्याची नोंद झाली, एवढंच त्यात होतं. घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. 2017 मध्ये कुणीतरी मोजलं, तेव्हा त्या पत्राचा दाखला 608 ठिकाणी निघाला, आणि त्यांतल्या सुमारे 81 टक्के लेखकांनी ते रुग्ण रुग्णालयातले होते हे सांगितलंच नव्हतं.

म्हणून वक्त्याने हितसंबंध जाहीर केले आहेत का, औषधाचं मूळ नाव वापरलं जातंय की ब्रँडचं, तोटे आणि पर्याय यांना किती वेळ दिला आहे, आणि स्लाइडवरचा दाखला मूळ लेखात खरोखर तसाच आहे का, हे बघा. शेवटचं काम कंटाळवाणं आहे, पण एखाद-दुसरा दाखला उघडून वाचायची सवय लावाच.

क्रेडिट किती मिळतात आणि ते कसे मोजतात?

हे तुमच्या नोंदणी परिषदेवर अवलंबून आहे आणि नियम बदलत राहतात. काही ठिकाणी वेदना किंवा नियंत्रित औषधं या विषयाचे तास सक्तीचे आहेत. अमेरिकेत जून 2023 पासून नियंत्रित औषधं लिहिणाऱ्या बहुतेकांना व्यसनाधीनतेच्या उपचारांबद्दल एकदा आठ तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. कोर्सला पैसे भरण्याआधी त्याची मान्यता तुमच्याच परिषदेची आहे ना, हे लेखी विचारून घ्या. दुसऱ्या देशाचे क्रेडिट आपोआप धरले जात नाहीत.

फेलोशिप करावी का?

इंटरव्हेन्शन, म्हणजे नर्व्ह ब्लॉक आणि इंजेक्शनांसारख्या प्रोसीजर, हे मुख्य काम करायचं असेल, किंवा पेन क्लिनिक उभं करायचं असेल, तर हो. फेलोशिप निवडताना तिथे दीर्घकालीन वेदनेचे रुग्ण फॉलो-अपला परत येतात का, फिजिओथेरपिस्ट आणि मानसशास्त्रज्ञ त्याच टीममध्ये आहेत का, आणि कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातले रुग्ण पाहायला मिळतात का, हे तिथल्या सध्याच्या फेलोंना विचारा. रोज किती प्रोसीजर होतात हा आकडा कुणीही सांगेल. ज्या रुग्णाला इंजेक्शन द्यायचं नाही असं ठरवलं, त्याचं पुढे काय करतात, हे विचारल्यावर मिळणारं उत्तर जास्त उपयोगाचं असतं.